तयार कंटेनर इमेज वापरून पायथनची मांडणी

एकच पायथन प्रोग्रॅम एका संगणकावर बिनतक्रार चालतो आणि शेजारच्या संगणकावर अडतो, तेव्हा दोष बहुधा प्रोग्रॅममध्ये नसतो. पायथनची आवृत्ती वेगळी असते, नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजची वेगळी असते, किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलणाऱ्या पॅकेजला लागणारी सी भाषेतली लायब्ररी एका ठिकाणी असते आणि दुसऱ्या ठिकाणी नसते. पायथनची ‘व्हेन्व्ह’ ही प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजे वेगळी ठेवणारी सोय यांपैकी पायथनच्या पॅकेजांपुरता प्रश्न सोडवते. खुद्द पायथन, कंपायलर, प्रणालीच्या लायब्रऱ्या, फॉन्ट आणि टाइमझोनची माहिती या गोष्टी तिच्या कक्षेबाहेर राहतात. तयार कंटेनर इमेजमध्ये हे सगळे एकत्र बांधलेले मिळते, त्यामुळे नव्या संगणकावर काम सुरू करायला दिवस न लागता इमेज उतरवण्याइतकाच वेळ लागतो.

मात्र सर्वांनी इमेज वापरली म्हणजे सर्वांची मांडणी आपोआप सारखी झाली, असे होत नाही. त्यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतात. इमेजचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत नेमके ठरवून ते प्रकल्पात लिहून ठेवायचे, आणि आपले काम कंटेनरच्या आत कधीही ठेवायचे नाही. खाली सांगितलेली प्रत्येक पायरी या दोन पथ्यांना धरून आहे. लेखात कमांड, फाईलची नावे आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करावेत.

इमेज आणि कंटेनर

इमेज म्हणजे एका छोट्या लिनक्सची फाईलव्यवस्था आणि तिच्यातले प्रोग्रॅम यांचे गोठवलेले रूप. ही इमेज चालवली की कंटेनर तयार होतो, आणि एका इमेजपासून हवे तितके कंटेनर काढता येतात. साच्यातून काढलेल्या मूर्तीवर कितीही रंग चढवला तरी साचा बदलत नाही, तसे कंटेनरच्या आत काहीही बसवले किंवा पुसले तरी मूळ इमेज जशीच्या तशी राहते. कंटेनरमधले बदल त्याच्या स्वतःच्या वरच्या थरात लिहिले जातात आणि कंटेनर काढून टाकला की त्या थरासकट नाहीसे होतात.

कंटेनर हा पूर्ण आभासी संगणक नसतो. तो ज्या संगणकावर चालतो त्या यजमान संगणकाचेच लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वापरतो. नेमस्पेस आणि सीग्रूप या कर्नलच्या सोयींमुळे त्याला स्वतःच्या फाईली, स्वतःच्या प्रक्रिया आणि स्वतःचे नेटवर्क दिसते. या सोयी आधीपासून होत्या, पण २०१३ मध्ये डॉकर हे कंटेनर चालवणारे साधन आल्यावर त्या सामान्य प्रोग्रॅमरच्या हाती आल्या. २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्हची स्थापना झाली आणि पुढे इमेजचा आराखडा खुल्या मानकात बांधला गेला, त्यामुळे डॉकरसाठी बनवलेली इमेज आज पॉडमॅनसारख्या दुसऱ्या साधनावरही चालते. विंडोज आणि मॅकवर लिनक्स कर्नल नसल्यामुळे डॉकर डेस्कटॉप पार्श्वभूमीला एक छोटे आभासी लिनक्स चालवतो. विंडोजवर हे काम डब्ल्यूएसएल २ ही लिनक्स चालवण्याची सोय करते, आणि ती मेमरीचा मोठा वाटा घेऊ शकते. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ या फाईलमध्ये मर्यादा घालून घेणे श्रेयस्कर आहे.

बसवण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. विंडोज आणि मॅकवर डॉकर डेस्कटॉप बसवावा; तो वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणासाठी आणि लहान कंपन्यांसाठी मोफत आहे, पण मोठ्या कंपन्यांना त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो, म्हणून कार्यालयीन संगणकावर बसवण्यापूर्वी विचारून घ्यावे. लिनक्सवर डॉकर इंजिन थेट बसते. तेथे आपले नाव ‘डॉकर’ गटात घातले की प्रत्येक वेळी ‘सुडो’ लिहावे लागत नाही, परंतु त्या गटात असणे म्हणजे त्या यंत्रावर रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार असण्यासारखेच आहे. अनेकजण मिळून वापरतात अशा सर्व्हरवर ही मुभा सरसकट देऊ नये. तेथे रूटशिवाय चालणारे पॉडमॅन अधिक योग्य ठरते. सर्व बसल्यावर ‘डॉकर रन हॅलो-वर्ल्ड’ ही कमांड द्यावी. स्वागताचा मजकूर दिसला की पुढे जावे.

कोणती इमेज निवडावी

डॉकर हब या इमेजच्या सार्वजनिक भांडारावर कोणीही इमेज चढवू शकतो, त्यामुळे शोधात पहिली आलेली इमेज उचलू नये. पायथनसाठी नुसत्या ‘पायथन’ या नावाची अधिकृत इमेज आहे. जिच्या नावात तिरपी रेघ आणि तिच्याआधी कोणाचे तरी खाते दिसते, ती अधिकृत संचातली नसते. ती घ्यायची असल्यास खाते कोणाचे आहे, तिची डॉकरफाईल, म्हणजे ती बांधण्याची कृती, उघडी आहे का आणि ती शेवटची कधी अद्ययावत झाली, एवढे तरी पाहावे. डेटाच्या कामासाठी ज्युपिटर या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या नोटबुकच्या प्रकल्पाचा स्वतःचा इमेजसंच आहे. आर ही भाषा वापरणाऱ्यांसाठी रॉकर प्रकल्पाच्या इमेज आहेत आणि त्यांतल्या आरस्टुडिओच्या इमेजमध्ये संपादक ब्राउझरमध्ये ८७८७ या पोर्टवर उघडतो.

नावानंतर विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन जे लिहिले जाते तो टॅग, आणि सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. टॅग न दिल्यास डॉकर ‘लेटेस्ट’ हा टॅग गृहीत धरतो. हा टॅग आज एका आवृत्तीकडे आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच आवृत्तीकडे निर्देश करतो. म्हणजे दोन सहकाऱ्यांनी एकच कमांड वेगवेगळ्या महिन्यांत दिली तर त्यांच्याकडे वेगवेगळे पायथन येते आणि मूळ दुखणे पुन्हा जागच्या जागी उभे राहते. प्रकल्पाच्या कोणत्याही फाईलमध्ये ‘लेटेस्ट’ लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायथनच्या इमेजसाठी मी असा टॅग सुचवेन:

पायथन:३.१२-स्लिम-बुकवर्म

यातला ३.१२ हा आकडा पायथनची आवृत्ती सांगतो. ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि पायथनच्या पाच वर्षांच्या रिवाजाप्रमाणे तिला ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. ‘बुकवर्म’ हे डेबियन १२ चे नाव आहे. हा शब्द गाळला तरी इमेज मिळते, पण कोणत्या डेबियनवरची, हे आपल्या हातात राहत नाही. २०२५ मध्ये डेबियन १३ म्हणजे ‘ट्रिक्सी’ प्रसिद्ध झाल्यानंतर नुसता ‘३.१२-स्लिम’ हा टॅग बुकवर्मवरून ट्रिक्सीवर गेला. पायथन तेच राहिले, तरी खालच्या प्रणालीच्या लायब्रऱ्या आणि काही पॅकेजांची नावे बदलली. ज्यांनी डेबियनचे नाव टॅगमध्ये लिहिले होते, त्यांना याची झळ लागली नाही.

‘स्लिम’ या शब्दाचा संबंध आकाराशी आहे. स्लिम नसलेल्या पूर्ण इमेजमध्ये कंपायलर, गिट आणि अनेक विकास-लायब्रऱ्या असतात, म्हणून ती डिस्कवर सुमारे १ जीबी जागा घेते. स्लिम इमेज दीडशे एमबीच्या आसपास असते, पण तिच्यात जीसीसी हा कंपायलर आणि गिट नसतात. ‘अल्पाइन’ हा त्याहून लहान प्रकार अनेकांना मोह घालतो. अल्पाइन लिनक्समध्ये जीलिबसीऐवजी मसल नावाची सी-लायब्ररी असते, आणि नमपाय किंवा पांडाज यांसारख्या पॅकेजांची लिनक्ससाठी आधीच कंपाइल केलेली नेहमीची ‘व्हील’ तिच्यावर चालत नाहीत. मसलसाठीची वेगळी व्हील आता अनेक पॅकेजे देतात, तरी सगळी देत नाहीत. जे देत नाही ते पॅकेज तुमच्या संगणकावर मुळापासून कंपाइल होऊ लागते, त्यासाठी कंपायलर बसवावा लागतो, आणि शेवटी वाचवलेली जागा व वेळ दोन्ही हातचे जातात. डेटाच्या कामासाठी स्लिम घ्यावी. एखादे पॅकेज कंपाइल केल्याशिवाय बसत नसेल तर पूर्ण इमेज घ्यावी. अल्पाइनच्या वाटेला जाऊ नये.

टॅगपेक्षाही पक्की खूण हवी असल्यास डायजेस्ट वापरता येतो. ‘डॉकर पुल’ने इमेज उतरवल्यावर शेवटी ‘शा२५६’ने सुरू होणारी एक लांबलचक ओळ दिसते, तो त्या इमेजच्या मजकुरावरून काढलेला ठसा असतो. नावापुढे ‘@’ चिन्ह देऊन हा ठसा लिहिला की तंतोतंत तीच इमेज येते, टॅग मागाहून कोठेही सरकला तरी. शोधनिबंधाबरोबर दिलेल्या कोडसाठी किंवा परीक्षेच्या संगणकांसाठी डायजेस्ट लिहावा. रोजच्या कामासाठी टॅग पुरतो, कारण डायजेस्टने बांधलेल्या इमेजमध्ये सुरक्षा-दुरुस्त्याही आपोआप येत नाहीत.

पहिला कंटेनर

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन पुढील कमांड एका ओळीत द्यावी:

डॉकर रन --आरएम -आयटी -व्ही "$पीडब्ल्यूडी":/ॲप -डब्ल्यू /ॲप पायथन:३.१२-स्लिम-बुकवर्म बॅश

इमेज संगणकावर नसेल तर ती आधी उतरते आणि मग कंटेनरच्या आतला बॅश, म्हणजे कमांड घेणारा शेल, समोर येतो. ‘--आरएम’मुळे बाहेर पडताच कंटेनर नाहीसा होतो. नवशिक्यांना हे धोक्याचे वाटते. मला मात्र हीच सवय सर्वांत मोलाची वाटते, कारण रोज नवा कंटेनर घेतला की एखादी गोष्ट आपण हाताने बसवून विसरलो आहोत हे त्याच दिवशी कळते, सहकाऱ्याच्या संगणकावर महिन्याभराने कळत नाही. ‘-आयटी’मुळे टर्मिनलवर टाइप करता येते. ‘-व्ही’ हा पर्याय तुमचा आत्ताचा फोल्डर कंटेनरमधल्या ‘/ॲप’ या जागी जोडतो, आणि ‘-डब्ल्यू’ काम तेथूनच सुरू करतो. जोडलेल्या फोल्डरमधल्या फाईली तुमच्याच डिस्कवर असतात. कंटेनर गेला तरी त्या राहतात, आणि तुम्ही नेहमीच्या संपादकात केलेला बदल आत लगेच दिसतो.

येथे लिनक्सवर एक अडचण हमखास येते. पायथनच्या इमेजमध्ये प्रोग्रॅम रूट म्हणून चालतो, त्यामुळे त्याने जोडलेल्या फोल्डरमध्ये तयार केलेल्या फाईलींचा मालक यजमान संगणकावरही रूटच ठरतो आणि तुम्हाला त्या बदलता किंवा पुसता येत नाहीत. कमांडमध्ये ‘--यूजर $(आयडी -यू):$(आयडी -जी)’ हा भाग घातला की कंटेनर तुमच्या क्रमांकाने चालतो आणि फाईली तुमच्या राहतात. मात्र त्या क्रमांकाचा वापरकर्ता इमेजमध्ये नोंदलेला नसल्यामुळे त्याला घरचा फोल्डर नसतो, आणि पिप या साधनाने पॅकेज बसवायला गेल्यास परवानगी नाकारली जाते; ‘-ई होम=/टेम्प’ असे वाढवल्यास तात्पुरते काम भागते. कायमचा उपाय पुढे डॉकरफाईलच्या भागात दिला आहे. डॉकर डेस्कटॉपवर फाईलींची मालकी मधला थर सांभाळतो, त्यामुळे विंडोज आणि मॅकवर ही अडचण सहसा जाणवत नाही; तेथे जाणवतो तो मंदपणा. विंडोजवर प्रकल्प सी ड्राइव्हवर न ठेवता डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या फाईलव्यवस्थेत ठेवला तर हजारो लहान फाईली वाचणारे काम लक्षणीय जलद होते.

ज्युपिटरची तयार इमेज

विद्यार्थ्याला नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब आणि सायकिट-लर्न एकदम हवे असतील तर ज्युपिटर प्रकल्पाची ‘सायपाय-नोटबुक’ ही इमेज घ्यावी. या संचात ‘मिनिमल-नोटबुक’पासून ‘पायस्पार्क-नोटबुक’पर्यंत अनेक इमेज एकीवर एक रचलेल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून त्या के डॉट आयओ या रजिस्ट्रीवर, म्हणजे इमेजच्या भांडारावर, प्रसिद्ध होतात. डॉकर हबवरच्या त्याच नावाच्या जुन्या इमेज तेव्हापासून अद्ययावत होत नाहीत, आणि जुन्या धड्यांतली कमांड जशीच्या तशी उतरवणाऱ्याकडे नकळत शिळी इमेज येते.

डॉकर रन --आरएम -आयटी -पी १२७.०.०.१:८८८८:८८८८ -व्ही "$पीडब्ल्यूडी":/होम/जोव्यान/वर्क के.आयओ/ज्युपिटर/सायपाय-नोटबुक:तारखेचाटॅग

येथे ‘के’ हे इंग्रजीत क्यू, यू, ए, वाय या चार अक्षरांनी लिहिले जाते. शेवटी रजिस्ट्रीवरच्या यादीतला एखादा तारखेचा टॅग लिहावा. कंटेनर सुरू झाल्यावर टर्मिनलवर एक पत्ता येतो, त्याच्या शेवटी टोकन असते. तो अख्खा पत्ता ब्राउझरमध्ये उघडावा. नोटबुक ‘वर्क’ या फोल्डरमध्येच जतन करावी, कारण त्याच्याबाहेर ठेवलेली नोटबुक कंटेनरबरोबर जाते.

पोर्टच्या आधीचे १२७.०.०.१ कधीही गाळू नये. ते नसल्यास डॉकर हे पोर्ट संगणकाच्या सर्व नेटवर्कवर उघडतो, म्हणजे वसतिगृहाच्या वायफायवरच्या प्रत्येकाला ते दिसते. लिनक्सवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावून निश्चिंत असणाऱ्यांनी अधिक सावध राहावे: डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्स या लिनक्सच्या नेटवर्क-नियमांत लिहितो, आणि त्याने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून बाहेर दिसते.

या इमेजमध्ये रूटऐवजी ‘जोव्यान’ नावाचा वापरकर्ता असतो आणि त्याचा क्रमांक १००० असतो. उबुंटूवरच्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांकही सहसा तोच असल्यामुळे घरच्या लॅपटॉपवर मालकीचा प्रश्न येत नाही. प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर मात्र तुमचा क्रमांक वेगळा असेल, तर कंटेनर ‘--यूजर रूट’ने सुरू करून ‘एनबी_यूआयडी’ या चलात आपला क्रमांक द्यावा. इमेज स्वतःच जोव्यानचा क्रमांक बदलून मग त्याच्या नावाने ज्युपिटर सुरू करते.

आपली भर डॉकरफाईलमध्ये घालावी

तयार इमेजमध्ये नसलेले एखादे पॅकेज लवकरच लागते. चालू कंटेनरमध्ये ‘पिप इन्स्टॉल’ केल्यास ते त्या बैठकीपुरते बसते. ‘डॉकर कमिट’ या कमांडने चालू कंटेनरची नवी इमेज करता येते, पण तिच्यात काय काय आणि कोणत्या क्रमाने बसवले याची नोंद कोठेच उरत नाही, म्हणून ती वाट टाळावी. भर नेहमी डॉकरफाईल या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहावी आणि ती फाईल कोडबरोबर गिटमध्ये ठेवावी.

डॉकरफाईलची पहिली ओळ ‘फ्रॉम पायथन:३.१२-स्लिम-बुकवर्म’ अशी असते. त्यानंतर ‘रन’च्या ओळीत डेबियनची पॅकेजे बसवावीत, आणि ‘ॲप्ट-गेट अपडेट’ व ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ हे दोन्ही एकाच ओळीत दोन अँपरसँड चिन्हांनी जोडून लिहावेत. प्रत्येक ओळीचा एक थर बनतो आणि डॉकर न बदललेला थर पुन्हा वापरतो. अपडेट वेगळ्या ओळीत असेल तर महिन्यांपूर्वीची पॅकेज-यादी तशीच वापरली जाते आणि इन्स्टॉल अचानक अपयशी ठरते. पुढे ‘वर्कडिर /ॲप’, मग ‘कॉपी रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी .’, मग ‘रन पिप इन्स्टॉल --नो-कॅश-डिर -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’, आणि अगदी शेवटी ‘कॉपी . .’ असा क्रम ठेवावा. हा क्रम मनमानी नाही. कोडमध्ये दिवसातून वीस वेळा बदल होतो आणि पॅकेजांच्या यादीत आठवड्यातून एखादा; यादी आधी कॉपी केली की कोड बदलल्यावर पॅकेजे पुन्हा उतरवावी लागत नाहीत. उलट सगळा फोल्डर आधी कॉपी केल्यास एका स्वल्पविरामाच्या बदलालाही पिप पहिल्यापासून चालतो. यादीत प्रत्येक पॅकेजची आवृत्ती दोन बरोबर-चिन्हे देऊन लिहावी. इमेजचा टॅग नेमका ठेवून पॅकेजे मोकळी सोडली तर अर्धेच काम होते.

वर उल्लेखलेला मालकीचा प्रश्नही येथेच सोडवावा: ‘रन यूजरॲड’ने एक साधा वापरकर्ता तयार करावा, त्याला घरचा फोल्डर द्यावा, आणि शेवटी ‘यूजर’ ही ओळ लिहून कंटेनर त्याच्या नावाने चालेल असे करावे. स्लिम इमेजमध्ये सायकोपीजी२ हे पोस्टग्रेसशी बोलणारे पॅकेज बसत नाही अशी तक्रार नेहमी येते. त्याला कंपायलर आणि ‘लिबपीक्यू-डेव्ह’ लागते. विकासाच्या कामासाठी ‘सायकोपीजी२-बायनरी’ घेतल्यास दोन्हींची गरज उरत नाही.

पासवर्ड आणि एपीआयच्या किल्ल्या डॉकरफाईलमध्ये लिहू नयेत, आणि ज्यात त्या आहेत ती ‘.ईएनव्ही’ फाईल इमेजमध्ये उतरवूही नये. नंतरच्या ओळीत ती पुसली तरी आधीच्या थरात ती शाबूत राहते आणि इमेज ज्याच्या हाती जाईल त्याला ती काढता येते. यासाठी ‘.डॉकरइग्नोर’ या फाईलमध्ये ‘.ईएनव्ही’, ‘.गिट’ आणि डेटाचे मोठे फोल्डर यांची नावे लिहावीत.

सर्व लिहून झाल्यावर ‘डॉकर बिल्ड -टी माझाप्रकल्प:१ .’ ही कमांड द्यावी. शेवटचे टिंब विसरू नये, ते आत्ताचा फोल्डर दर्शवते.

वेळ आणि देवनागरी

या इमेज जगभरासाठी बनवलेल्या असतात, आणि आपल्याकडे दोन गोष्टी त्यामुळे हमखास चुकतात. कंटेनरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असते, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचपूर्वी चाललेल्या प्रोग्रॅमने आजची तारीख विचारली तर त्याला कालची मिळते, आणि रोजचे अहवाल काढणाऱ्या कामात ही चूक कित्येक दिवस लक्षात येत नाही. कंटेनरला ‘टीझेड=एशिया/कोलकाता’ हे चल द्यावे; ज्या इमेजमध्ये ‘टीझेडडेटा’ नसेल तेथे ते आधी बसवावे. डेटाबेसमध्ये मात्र वेळ यूटीसीतच साठवावी आणि दाखवताना बदलावी.

दुसरी गोष्ट फॉन्टची. स्लिम इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, म्हणून जिल्ह्यांची मराठी नावे असलेला आलेख काढला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. डॉकरफाईलमध्ये डेबियनचे ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ हे पॅकेज बसवले की नोटो सॅन्स देवनागरी मिळतो, आणि मॅटप्लॉटलिबला त्याचे नाव सांगावे लागते. एवढ्याने चौकोन जातात, पण मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा मजकूर-थर जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी नीट जुळवत नाही. ‘सिंधुदुर्ग’ किंवा ‘रत्नागिरी’ मोडून छापले जाते. मराठी लेबल अचूक हवी असतील तर आलेख एचटीएमएलमध्ये काढून मजकूर ब्राउझरकडून मांडून घ्यावा, किंवा राक्म या लायब्ररीसह बांधलेल्या पिलो या चित्रांच्या पॅकेजने तो चित्रावर लिहावा. इमेज निवडताना मराठी मजकुराच्या कामाची ही चाचणी पहिल्याच दिवशी घ्यावी.

सोबत पोस्टग्रेस

डेटाबेस लागला की दोन कंटेनर एकत्र चालवावे लागतात, आणि तेथे ‘कंपोज.यॅमल’ या फाईलचा उपयोग होतो. तिच्यात ‘ॲप’ आणि ‘डीबी’ अशा दोन सेवा लिहाव्यात. ‘डीबी’ची इमेज ‘पोस्टग्रेस:१६-बुकवर्म’ ठेवावी, ‘पोस्टग्रेस_पासवर्ड’ हे चल द्यावे, कारण त्याशिवाय ही इमेज सुरूच होत नाही, आणि एक नाव दिलेला व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेर टिकणारा डेटाचा साठा, ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा’ येथे जोडावा. मग ‘डॉकर कंपोज अप’ या एका कमांडने दोन्ही सुरू होतात.

येथे चार ठिकाणी पाय घसरतो. ॲपच्या कंटेनरमधून डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ नसून ‘डीबी’ हा असतो. प्रत्येक कंटेनरचा लोकलहोस्ट तो स्वतः असतो, आणि कंपोज सेवेच्या नावालाच पत्त्याचे रूप देते. पासवर्डचे चल डेटाचा व्हॉल्यूम रिकामा असतानाच वाचले जाते, त्यामुळे नंतर फाईलमध्ये पासवर्ड बदलला तरी जुनाच लागू राहतो; तो एसक्यूएलमधून बदलावा. टॅगमधला १६ बदलून १७ केला तर नवा पोस्टग्रेस जुन्या डेटावर सुरू होण्यास नकार देतो. आधी ‘पीजी_डंप’ने डेटा बाहेर काढावा लागतो, आणि १८ पासून तर अधिकृत इमेजमध्ये व्हॉल्यूम जोडण्याची जागाही बदलली आहे. शेवटचे सर्वांत महत्त्वाचे: ‘डॉकर कंपोज डाउन’ने कंटेनर जातात आणि डेटा राहतो, पण त्यापुढे ‘-व्ही’ लावले की व्हॉल्यूमसकट डेटा जातो आणि परत मिळत नाही.

डेटाबेस सुरू होण्याआधीच ॲप जोडणी मागू लागले तर ‘डीबी’च्या सेवेत ‘पीजी_इजरेडी’ची आरोग्यतपासणी लिहावी आणि ॲपला ती पार पडेपर्यंत थांबायला सांगावे. मराठी नावे वर्णानुक्रमे लावायची असल्यास डेबियनवर आधारलेल्या या इमेजमध्ये ‘एमआर-एक्स-आयसीयू’ ही कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाची नियमावली, तयार मिळते. क्वेरी लिहिताना ती नेमून द्यावी.

संपादक आणि इंटरनेट नसलेली प्रयोगशाळा

व्हीएस कोड वापरणाऱ्यांनी प्रकल्पात ‘.डेव्हकंटेनर’ या फोल्डरमध्ये ‘डेव्हकंटेनर.जेसन’ ही फाईल ठेवावी आणि तिच्यात आपल्या डॉकरफाईलचा पत्ता द्यावा. मग संपादक स्वतःच कंटेनर उभारून त्याच्या आतून चालतो, डीबगर आणि सूचना आतल्या पायथनप्रमाणे मिळतात, आणि नव्या सहकाऱ्याला एका बटणापलीकडे काही करावे लागत नाही.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणकांनी एकाच वेळी इमेज उतरवू नये. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून उतरवण्यावर मर्यादा घातली आहे. खात्याशिवाय उतरवणाऱ्यांची मोजणी आयपी पत्त्यावरून होते, आणि प्रयोगशाळेतले सगळे संगणक बाहेर एकाच पत्त्याने दिसत असल्यामुळे ती मर्यादा लवकर संपू शकते. त्याऐवजी एका संगणकावर इमेज बांधून ‘डॉकर सेव्ह -ओ सराव.टार माझाप्रकल्प:१’ ही कमांड द्यावी, ती फाईल पेनड्राइव्हने किंवा स्थानिक नेटवर्कवरून सर्वत्र न्यावी आणि तेथे ‘डॉकर लोड -आय सराव.टार’ करावे. तत्पूर्वी प्रोसेसर पाहून घ्यावा. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर बनलेली इमेज एआरएमची असते आणि प्रयोगशाळेच्या इंटेल किंवा एएमडी संगणकांवर ती चालत नाही. मॅकवर बिल्ड करताना ‘--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४’ असे सांगावे.

दुरुस्त्या आणि जागा

सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी महिन्यातून एकदा ‘डॉकर बिल्ड --पुल --नो-कॅश’ने इमेज नव्याने बांधावी, चाचण्या चालवाव्यात, आणि त्या पार पडल्यावरच नवा टॅग देऊन सर्वांना कळवावे. जुना टॅग पुसू नये, म्हणजे काही बिघडल्यास त्याच दिवशी मागे येता येते. काही महिन्यांत जुन्या थरांनी डिस्क भरू लागते. ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ कोणी किती जागा अडवली आहे ते दाखवते. ‘डॉकर इमेज प्रून’ केवळ नाव नसलेल्या इमेज काढते आणि ती निर्धास्त वापरावी. ‘डॉकर सिस्टिम प्रून’ला ‘--व्हॉल्यूम्स’ जोडण्याआधी मात्र ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ची यादी वाचावी, आणि पोस्टग्रेसचा डेटा ‘पीजी_डंप’ने बाहेर काढून ती फाईल उघडून पाहावी.